कालपर्यंत इथे काहीच नव्हतं

खान्देशात राहून आकाशाचा नाद लागला की अर्धं वर्ष नुसतं वाट बघण्यात जातं. मृग लागला की ढग येतात, मग पाऊस पडो न पडो, ढग मात्र हस्तापर्यंत हजर. खरं आकाश काय ते दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत, आणि मार्च उजाडला की धूळ. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, रात्री दहाला सुद्धा गच्चीची फरशी पायाला चटका देते, आणि क्षितिजापासून बरंच वरपर्यंत असा मातकट थर असतो की बारीक तारे त्यात बुडूनच जातात. त्यामुळे मे महिन्यात मी सहसा टेलिस्कोपवरची चादर काढत नाही. पण मी आजवर बघितलेला सगळ्यात दूरचा तारा, म्हणजे आख्खी दीर्घिका (गॅलक्सी) नाही हं, एकटा तारा, तो नेमका मे महिन्यातच दिसला.

२०२३ सालची गोष्ट. १९ मेला अमावस्या होती, शनि जयंती. त्याच दिवशी जपानमधल्या कोइची इतागाकी नावाच्या हौशी निरीक्षकाला एम १०१ या दीर्घिकेत एक ठिपका दिसला जो आधीच्या फोटोत नव्हता. ही दीर्घिका सप्तर्षींच्या शेपटीजवळ आहे, वसिष्ठ आणि मरीची हे दोन तारे घेऊन वरच्या बाजूला एक त्रिकोण काढला की तिसऱ्या टोकाला येते, आणि ती आपल्यापासून साधारण २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं लांब आहे. इतागाकी म्हणजे काही नवखा गडी नाही, दीडशेच्या वर सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन फुटणारे तारे, त्याच्या नावावर आहेत. ठिपक्याला नाव मिळालं एसएन २०२३ आयएक्सएफ, एसएन म्हणजे सुपरनोव्हा. ही शेवटची अक्षरं म्हणजे नुसता ओळीने दिलेला नंबर असतो, आधी एक अक्षर, ती संपली की दोन-दोन, मग तीन-तीन. हिशोब केला तर आयएक्सएफ म्हणजे त्या वर्षीचा सहा हजार सातशेच्या आसपासचा ठिपका येतो, आणि मे अजून संपलाही नव्हता!

मामाचं शेत चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. केळीचा मळा. तिथे अंधार चांगला असतो आणि सोबतही असते, कारण शेतीची थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीचीच येते, त्यामुळे मामा मोटर चालू करायला जागाच असतो. बिबट्याची चर्चा त्या भागात कायम असते, तेव्हा एकट्याने काळोखात आयपीसला डोळा लावून पाठ उघडी टाकण्यापेक्षा मामाची बिडी बाजूला पेटलेली बरी. माझ्याकडे आठ इंची आरशाचा डॉब्सोनियन टेलिस्कोप आहे. लावला. एम १०१ ही तशीही अवघड दीर्घिका, आकाराने मोठी पण प्रकाश सगळा पसरलेला, आणि त्यात ती मे महिन्यातली धूळ, त्यामुळे दीर्घिका काही मला दिसली नाही. अजिबात नाही. पण मोबाईलवरचा नकाशा समोर धरून तारे जुळवत जुळवत गेलो तर जिथे नकाशात काही नव्हतं तिथे एक टाचणीच्या टोकाएवढा, स्वच्छ ठिपका होता. अब्जावधी ताऱ्यांची वस्ती दिसत नव्हती आणि तिच्यातला एकच मरणारा तारा दिसत होता. हे पुस्तकात कितीही वेळा वाचलेलं असलं तरी डोळ्याने बघताना जरा चक्रावायला होतं.

मामाला दाखवला. त्याने बराच वेळ डोळा लावला आणि विचारलं हा फुटला कधी. म्हटलं दोन कोटी वर्षांपूर्वी. तर म्हणाला, "मंग आते काय देखी राहिना तू?"

प्रश्न काही वेडगळ नाही. पण मला त्याहून वेगळाच प्रश्न जास्त सतावतो, की हे असे ठिपके सापडतात कसे. म्हणजे आकाशात एवढे ठिपके आहेत, त्यातला एक जास्तीचा आहे हे कुणाला कसं कळतं?

याचं सगळ्यात सुंदर उत्तर म्हणजे रॉबर्ट इव्हान्स. ऑस्ट्रेलियातला एक पाद्री. चर्चचं काम संपलं की रात्री घरामागे टेलिस्कोप लावायचा आणि एकामागून एक दीर्घिका बघत सुटायचा, कॅमेरा नाही, कॉम्प्युटर नाही, नुसता डोळा. शेकडो दीर्घिका, त्यांच्या आजूबाजूचे आपल्याच आकाशगंगेतले तारे, कुठला कुठे, कुठला किती तेजस्वी, हे सगळं त्याच्या डोक्यात बसलेलं होतं. एका दीर्घिकेवर काही सेकंद, काही जास्तीचं नाही, चला पुढे. १९८१ पासून अशा पद्धतीने त्याने चाळीसहून जास्त सुपरनोव्हा शोधले. नुसत्या डोळ्याने एवढे शोधणारा दुसरा कोणी नाही. आमच्या गल्लीत ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या असायच्या, त्यांना गल्लीतला प्रत्येक माणूस चालीवरून माहीत असायचा आणि कुणाकडे पाहुणा आला की घरमालकाआधी त्यांना कळायचं, इव्हान्सचं तसंच काहीसं होतं. तो २०२२ मध्ये गेला.

मला वाटतं या सगळ्या विषयातली खरी गंमत इथेच आहे, स्फोटात नाही. स्फोट तर होतच असतात. आपल्या आकाशगंगेसारख्या एका दीर्घिकेत शंभर वर्षांत साधारण एक-दोन तारे असे फुटतात, आणि दीर्घिका तर अब्जावधी आहेत, म्हणजे हे वाक्य वाचून होईपर्यंत विश्वात कुठे ना कुठे कितीतरी फुटले असतील. अडचण फुटण्याची नाही, काल इथे काय होतं हे माहीत असण्याची आहे. आजच्या मोठ्या रोबोटिक दुर्बिणी पण तेच करतात. जुना फोटो, नवा फोटो, दोन्ही जुळवायचे, हवेमुळे आलेला कमीजास्त धूसरपणा सारखा करायचा, आणि एकातून दुसरा वजा करायचा. जे जुनं ते सगळं पुसलं जातं, उरतं ते नवीन. त्या उरलेल्यात लघुग्रह असतात, रूप बदलणारे तारे असतात, कॅमेऱ्यावर आदळलेले कॉस्मिक किरण असतात, बराच कचरा असतो, आणि मग एखादा सुपरनोव्हा.

कधी कधी मात्र नशीब म्हणतात तेही असतं, नाही म्हणून चालणार नाही. अर्जेंटिनामध्ये रोझारिओ शहरात व्हिक्टर बुसो नावाचा एक कुलपं-किल्ल्यांचं काम करणारा माणूस राहतो. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री तो घराच्या वर बांधलेल्या आपल्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासत होता. नवा कॅमेरा आहे तर कुठेतरी लावून बघू म्हणून त्याने डोक्यावर असलेली एनजीसी ६१३ नावाची दीर्घिका धरली, साधारण ८ कोटी प्रकाशवर्षांवरची, आणि छोटे छोटे फोटो काढत बसला. पहिल्या फोटोंत काही नाही. थोड्या वेळाने काढलेल्यांत दीर्घिकेच्या एका बाजूला बारीक ठिपका, आणि तो डोळ्यादेखत तेजस्वी होत चाललेला. ताऱ्याच्या पोटात सुरू झालेला धक्का जेव्हा बाहेरचा थर फोडून पृष्ठभागावर येतो, तो जो क्षण असतो ना, तो शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं साध्या प्रकाशात पकडता आला नव्हता, कारण तो कुठे आणि कधी येणार हे आधी कळायची सोयच नाही. बुसोने तो पकडला. शास्त्रज्ञांनी नंतर हिशोब केला की असं घडायची शक्यता १ कोटीत एक, कदाचित १० कोटीत एक. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये जो पेपर आला त्यात बुसोचं नाव सहलेखक म्हणून आहे.

आता कोणी म्हणेल लॉटरी लागली. पण मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. ठिपका बघून "कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड दिसतो" असं म्हणून त्याने सोडून दिलं नाही. रात्रभर फोटो घेत राहिला आणि लोकांना कळवलं. असंच २०१४ च्या जानेवारीत लंडनमध्ये झालं, तिथले एक शिक्षक, स्टीव्ह फॉसी, विद्यार्थ्यांना दुर्बीण कशी चालवायची ते शिकवत होते, ढग येत होते म्हणून ठरलेला कार्यक्रम सोडून जिथे आभाळ मोकळं आहे तिथली एम ८२ दीर्घिका लावली, तर तिच्यात एक जास्तीचा तारा! दशकानुदशकांतला आपल्याला सगळ्यात जवळचा त्या प्रकारचा सुपरनोव्हा, आणि तो सापडला ढगांमुळे. ढगांना शिव्या घालणाऱ्या आम्हा लोकांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

"त्या प्रकारचा" म्हटलं म्हणून थोडं सांगतो. तारे फुटायच्या मुख्य दोन तऱ्हा. एक, सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड तारा, जो पोटातलं इंधन जाळत जाळत शेवटी लोखंडापर्यंत येतो. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही, म्हणजे आतून तोलून धरणारं काही उरत नाही, आणि गाभा सेकंदाच्याही आत स्वतःच्या वजनाखाली कोसळतो. त्या कोसळण्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा, ९९ टक्के, न्यूट्रिनो नावाचे कण घेऊन जातात, आपल्याला दिसतो तो प्रकाश म्हणजे एक टक्क्याचाही छोटा भाग. १९८७ मध्ये मोठा मॅजेलॅनिक मेघ नावाच्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत तारा फुटला तेव्हा चिलीमध्ये इयन शेल्टनने तो फोटोवर बघितला, पण त्याआधीच, प्रकाश येण्याच्या काही तास आधी, जपान, अमेरिका आणि रशियातल्या जमिनीखालच्या यंत्रांमध्ये मिळून वीस-पंचवीस न्यूट्रिनो नोंदवले गेले होते. एवढ्या मोठ्या स्फोटाची पावती म्हणून वीस-पंचवीस कण! पण तेवढ्यांनी सगळा सिद्धांत खरा ठरवला. दुसरी तऱ्हा श्वेतबटूची. सूर्यासारखा तारा म्हातारा होऊन जो आटलेला गाभा मागे ठेवतो तो श्वेतबटू, आणि त्याला सूर्याच्या १.४ पट वजनाच्या पुढे स्वतःला सांभाळता येत नाही. ही मर्यादा १९३० मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर नावाच्या १९ वर्षांच्या पोराने मुंबईहून बोटीने इंग्लंडला जाताना मांडली. जोडीदाराकडून वस्तुमान ओढत ओढत श्वेतबटू त्या मर्यादेजवळ गेला की आख्खाच फुटतो, मागे काही ठेवत नाही. एम ८२ मधला तो या जातीचा, आणि मामाच्या शेतातून बघितलेला पहिल्या जातीचा.

खान्देशात या विषयाची जागा कुठली असेल तर ती माझ्या मते पाटणादेवी. चाळीसगावजवळ, गौताळ्याच्या जंगलाला लागून. लोक देवीला जातात, धबधबा बघतात, डबा खाऊन परत येतात. पण तिथल्या पाटण गावच्या देवळात एक शिलालेख होता, इ. स. १२०७ चा, तो १९ व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात कोरलंय. आठशे वर्षांपूर्वी आपल्या चाळीसगाव तालुक्यात 'सिद्धांतशिरोमणी' शिकवण्यासाठी दानावर चालणारी संस्था होती, हे मला अजूनही दर वेळी नवीन वाटतं.

आणि तारखा बघा. ४ जुलै १०५४ ला चिनी दरबारातल्या ज्योतिषांनी वृषभ राशीच्या शिंगाजवळ एक 'पाहुणा तारा' लिहून ठेवला, तो २३ दिवस भर दिवसा दिसत होता आणि रात्री तर एप्रिल १०५६ पर्यंत. जुलै म्हणजे आपल्याकडे ऐन आषाढातले ढग, पण तो त्या दिवाळीतही होता आणि पुढच्या दिवाळीतही. मग भास्कराचार्य जन्मले १११४ मध्ये, म्हणजे हा त्यांच्या आधीच विझून गेला. पण ऑगस्ट ११८१ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात दुसरा एक आला, चीन आणि जपानमध्ये त्याची १८५ दिवसांची नोंद आहे. तेव्हा भास्कराचार्य ६७ वर्षांचे होते आणि अजून कामात होते, कारण 'करणकुतूहल' हा त्यांचा ग्रंथ ११८३ चा. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर संध्याकाळी उत्तरेला तोंड करून उभं राहिलं तर शर्मिष्ठेच्या ओळखीच्या आकृतीत एक जास्तीचा तारा या सगळ्या प्रदेशातून दिसायचा. या ताऱ्याचा अवशेष कुठला ते ठरायला २०२१ उजाडलं, आणि तो तेजोमेघ, म्हणजे स्फोटातून उरलेला चमकणारा वायूचा ढग, मुळात सापडला होता २०१३ मध्ये डेना पॅचिक या अमेरिकेतल्या हौशी निरीक्षकाला, जुने फोटो चाळताना. म्हणजे आठशेहून जास्त वर्षांनी परत कुणीतरी हौशीच!

१०५४ चा अवशेष म्हणजे क्रॅब तेजोमेघ, साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर. जानेवारीत माझ्या आठ इंचीतून नुसता एक राखाडी डाग दिसतो, आकार-बिकार काही कळत नाही, पाहुण्यांना दाखवला तर "हे काय?" असंच म्हणतात. पण त्या डागाच्या मध्ये एका शहराएवढा, सूर्याहून जड गोळा सेकंदाला तीस वेळा स्वतःभोवती फिरतोय, हे माहीत असल्यावर तो डाग मला शनीच्या कड्यांपेक्षा जास्त वेळ थांबवतो.

आता ब्लॅक होलकडे येतो, कारण गेली काही वर्षं माझं वाचन बरंचसं तिकडे वळलंय. आणि आधी एक तक्रार. टीव्हीवर आणि यूट्यूबवर "राक्षसी ब्लॅक होलने ताऱ्याला गिळलं" टाइपच्या बातम्या येतात, मागे ढोल वाजवून. ब्लॅक होल काही शिकारीला निघत नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्ये सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वजनाचं एक बसलंय, आणि ते गप बसलंय. होतं असं की दीर्घिकेच्या मध्यभागी ताऱ्यांची खूप दाटी असते, एकमेकांच्या ओढीने त्यांचे मार्ग जरा जरा बदलत राहतात, आणि लाखात एखाद्या ताऱ्याचा मार्ग असा वळतो की तो थेट मध्याकडेच जातो. बिचाऱ्याला शेजाऱ्यांनी ढकललेलं असतं.

मग जे होतं ते भरती-ओहोटीचंच गणित आहे. चंद्र समुद्राचं जवळचं पाणी जास्त ओढतो आणि लांबचं कमी, तसंच ब्लॅक होल ताऱ्याची जवळची बाजू जास्त ओढतं आणि लांबची कमी. समजा ब्लॅक होल १० लाख सूर्यांचं आहे आणि जाणारा तारा आपल्या सूर्यासारखा, तर साधारण ७ कोटी किलोमीटरवरच हा फरक एवढा होतो की ताऱ्याला स्वतःला धरून ठेवता येत नाही. ब्लॅक होलची ती परत न येण्याची हद्द मात्र जेमतेम ३० लाख किलोमीटरवर असते, म्हणजे तारा फाटतो तो तोंडात नाही, बराच बाहेर. त्याची लांबच लांब पट्टी होते. साधारण अर्धा भाग वेग घेऊन कायमचा बाहेर निघून जातो आणि अर्धा वळून परत येतो, स्वतःवरच आपटतो, तापतो आणि त्यातून जो प्रकाश निघतो तो महिनोन्‌महिने दिसत राहतो, हळूहळू कमी होत. हे असं होत असणार हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये कागदावर मांडलं होतं, आणि १९९० च्या दशकात रोसॅट उपग्रहाच्या क्ष-किरणांच्या नोंदीत पहिले उमेदवार सापडले.

आणि यातला उलटा भाग तर मला फारच आवडतो. ब्लॅक होल जेवढं मोठं तेवढा तमाशा मोठा असं आपल्याला वाटेल, पण नाही. १० कोटी सूर्यांच्या वर गेलं की त्याची हद्दच एवढी लांब येते की सूर्यासारखा तारा फाटायच्या आधीच आत जातो. आख्खा. एक ठिणगी दिसत नाही. तेव्हा आपल्याला जे दिसतात ते सगळे लहान किंवा मध्यम ब्लॅक होलचे प्रताप, मोठे तर मुकाट गिळतात आणि पत्ता लागू देत नाहीत.

एका दीर्घिकेत असा प्रसंग दहा हजार ते लाख वर्षांतून एकदा. म्हणजे बघणाऱ्याला एका वेळी लाखो दीर्घिकांवर नजर ठेवावी लागते, आणि इथे इव्हान्सचं पाठांतर कितीही अफाट असलं तरी पुरत नाही. कॅलिफोर्नियात पालोमारच्या डोंगरावर ४८ इंची जुनी दुर्बीण आहे, तिच्यावर एकाच फोटोत ४७ चौरस अंश आकाश घेणारा कॅमेरा बसवलाय, पौर्णिमेचे शे-दोनशे चंद्र त्यात सहज मावतील. २०१८ पासून हे झेडटीएफ सर्वेक्षण चालू आहे. ज्यांनी हे उभं केलं ते श्रीनिवास कुलकर्णी जन्माने कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, एवढा प्रांताभिमान चालतो.

तर ११ फेब्रुवारी २०२२ ला या झेडटीएफला एक ठिपका सापडला, एटी २०२२ सीएमसी. तो नेहमीपेक्षा भलताच लवकर बदलत होता. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या, त्यात लडाखमधल्या हानले इथली, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरची, आपली ग्रोथ-इंडिया दुर्बीण पण होती, जी बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई मिळून चालवतात. तिचा आरसा जेमतेम ७० सेंटीमीटरचा, आणि ती आपली आपण चालते, म्हणजे रात्री कुणी शेजारी उभं नसतं. सगळ्यांचं मिळून निष्पन्न काय तर एका ब्लॅक होलने तारा फाडला होता आणि त्यातला काही ऐवज जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एका झोतात बाहेर फेकला होता, आणि तो झोत नेमका आपल्या दिशेने होता. फाटलेल्या ताऱ्यांपैकी शंभरात एखाद्याच वेळी असा झोत निघतो. हा प्रकाश साडेआठशे कोटी वर्षं प्रवास करून आला. पृथ्वीचं वय ४६० कोटी. मामाचा प्रश्न इथे लावला तर काय उत्तर द्यायचं ते त्यानेच सांगावं.

पण हे नाव बघा, याच्या पुढे एसएन नाही, एटी आहे. एटी म्हणजे "आकाशात काहीतरी तात्पुरतं दिसलं, काय ते ठरायचंय". मला ही नाव द्यायची पद्धत फार प्रामाणिक वाटते. कारण लांबच्या दीर्घिकेच्या मध्ये पेटलेला ठिपका हा फुटलेला तारा की फाटलेला तारा हे पहिल्या दिवशी कळत नाही. मग बघायचं की तो बरोब्बर मध्यावर आहे का, कारण मोठं ब्लॅक होल तिथेच असतं. तापमान बघायचं. सुपरनोव्हा पसरत जातो तसा थंड होतो, निळ्याचा तांबूस होतो, पण फाटलेल्या ताऱ्याचा ऐवज महिने उलटले तरी वीस-तीस हजार अंशांवर निळाच राहतो. आणि शेवटी स्पेक्ट्रम, म्हणजे प्रकाश पसरवून त्यात कुठल्या मूलद्रव्यांच्या रेषा आहेत ते वाचायचं. एवढं करूनही भांडणं होतात. जून २०१५ मध्ये असासन-१५ एलएच नावाचा ठिपका सापडला, आधी जाहीर झालं की हा आजवरचा सगळ्यात तेजस्वी सुपरनोव्हा. २०१६ मध्ये दुसऱ्या गटाने सांगितलं की नाही हो, हा तर वेगाने फिरणाऱ्या ब्लॅक होलने फाडलेला तारा. दोन्ही बाजूंना तोलामोलाची माणसं. आणि तो सापडला कशाने, तर अवघ्या १४ सेंटीमीटर भिंगांच्या दुर्बिणींच्या संचाने. लग्नातल्या फोटोग्राफरकडे असते त्या जातीची, फक्त जरा मोठी टेलिफोटो लेन्स.

लोक विचारतात की आता चिलीत ती नवी रूबिन वेधशाळा आली, तिचे पहिले फोटो जून २०२५ मध्ये आले, ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, रात्री लाखोंच्या संख्येने "इथे काहीतरी बदललं" अशा सूचना ती देणार, मग तुमच्यासारख्या हौशींनी दुकान बंद करायचं का. मला तसं वाटत नाही, आणि हे मनाची समजूत काढायला म्हणत नाही. एवढी मोठी दुर्बीण जवळच्या, तेजस्वी वस्तूंसाठी बनलेलीच नाही, त्या तिच्या कॅमेऱ्यात पांढऱ्याफटक होऊन जातात आणि मोजता येत नाहीत. इतागाकीच्या एम १०१ सारखा ठिपका हे छोट्या दुर्बिणीचंच काम. शिवाय सूचना लाखो आणि स्पेक्ट्रम घ्यायला वेळ मिळणार त्यातल्या थोड्यांसाठीच, म्हणजे बाकीचे एटी म्हणूनच राहणार. फक्त इव्हान्सचा तो रोजचा रतीब, एकेका दीर्घिकेची डोळ्याने हजेरी घेणं, ते मात्र संपलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. यंत्राला सगळं आठवतं, पण त्याला मजा येते का?

आपल्या आकाशगंगेत मात्र नुसत्या डोळ्याने दिसलेला शेवटचा सुपरनोव्हा १६०४ चा, केप्लरने बघितलेला. त्यानंतर दुर्बीण आली, आणि दुर्बीण आल्यापासून एकही नाही! म्हणून मग सगळ्यांची नजर आर्द्रेवर. आर्द्रा म्हणजे मृगाच्या खांद्यावरचा तो लालसर तारा, इंग्रजीतला बेटलज्यूस. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे नाव आकाशापेक्षा पेरणीमुळे जास्त माहीत. मृगाने तोंड दाखवलं नाही तर आर्द्रेची वाट बघायची, वाहन कोणतं आहे ते कॅलेंडरमध्ये बघायचं. २०१९ च्या शेवटी ही आर्द्रा अचानक बरीच अंधुक झाली, फेब्रुवारी २०२० पर्यंत नुसत्या डोळ्याला फरक कळत होता, आणि फुटणार फुटणार म्हणून गाजावाजा झाला. नंतर समजलं की ताऱ्याने स्वतःचाच थोडा वायू बाहेर टाकला होता, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आपल्या आडवी आली. फुटायची ती नक्की, पण पुढच्या लाखभर वर्षांत कधीही.

हे मी एकदा मामाला सांगत बसलो होतो. लाईट यायची होती, त्यामुळे तोही ऐकत होता. म्हटलं ती फुटली तर आधी न्यूट्रिनो येतील, जगभरातल्या यंत्रांचे अलार्म वाजतील, मग काही तासांनी, कदाचित त्याहून उशिरा प्रकाश, आणि मग काही आठवडे ती अर्ध्या चंद्राच्या आसपास उजेड देईल, दिवसासुद्धा दिसेल. पण आर्द्रा नक्षत्र लागतं म्हणजे सूर्य तिच्या जवळ असतो, त्यामुळे जूनमध्ये फुटली तर ती सूर्यासोबतच उगवणार-मावळणार, वर ढग, आपल्याला काय घंटा दिसणार नाही. पौष-माघात फुटली तर रात्रभर डोक्यावर.

मामाचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "आर्द्रा फुटनी तं मंग पानी पडी का नही, ते सांग माले पहिले."

म्हटलं पावसाचा आणि त्या ताऱ्याचा काही संबंध नाही, पाऊस मान्सूनचा, तारा फक्त तारीख सांगतो. पण थंडीत फुटली तर रात्री गव्हाला पाणी द्यायला जाताना तुला बॅटरी लागणार नाही.

त्याने क्षणभर विचार केला. तेवढ्यात लाईट आली, मोटर घरघरली, आणि उठता उठता म्हणाला, "मंग हिवायामा फुटू दे."